सिंगल माल्ट: चव पुढच्या पानावर, किंमत मागच्या

स्कॉचच्या फळीसमोर पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. समोर चाळीस-पन्नास बाटल्या, त्यांच्यावर हरणं, किल्ले, बेटं, कुणाच्या तरी पणजोबांची सही. किमती ३५ पौंडांपासून थेट ३५० पर्यंत. थोडा वेळ डोकं खाजवून तो एकतर ऐकलेलं नाव उचलतो, नाहीतर परवडेल त्यातली सगळ्यात महाग बाटली. माझं दोन्ही करून झालंय. दुसऱ्या पद्धतीत बरेच पैसे घालवल्यावर एका संध्याकाळी मित्राने माझ्या पाठीमागे पेले भरून आणले, आणि माझी लाडकी अठरा वर्षांची बाटली मला त्याच कारखान्यातल्या बारा वर्षांच्या बाटलीपासून वेगळी ओळखता आली नाही. मित्र हसला नाही. त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून मी एक वही ठेवतो. पानाच्या पुढच्या बाजूला चव लिहायची, मागच्या बाजूला किंमत, आणि पुढची बाजू लिहून झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. ही वही कशी भरायची ते खाली सांगतो. क्रम शक्यतो पाळा, कारण बाटली घेणं त्यात शेवटी आहे.

पायरी १: लेबल अर्धंच वाचा

लेबलवरचा अर्धा मजकूर कायद्याचा असतो आणि अर्धा जाहिरातीचा. कायद्याचा तेवढा वाचावा.

स्कॉच कशाला म्हणायचं हे ब्रिटनच्या २००९ सालच्या नियमांत लिहिलेलं आहे. व्हिस्की स्कॉटलंडमध्ये गाळलेली, म्हणजे उकळून वाफेपासून काढलेली हवी, स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली हवी, पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं नको, आणि बाटलीत अल्कोहोल किमान ४० टक्के हवं. सिंगल माल्टला आणखी अटी आहेत. धान्य म्हणून फक्त मोड आणलेलं जव, गाळायचं पॉट स्टिलमध्ये, म्हणजे तांब्याच्या थोराड भांड्यात खेपेखेपेने, आणि हे सगळं एकाच डिस्टिलरीत. नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट बाटलीतसुद्धा स्कॉटलंडमध्येच भरावी लागते.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. ‘सिंगल’ म्हणजे एक पिंप नव्हे, एक डिस्टिलरी. त्या डिस्टिलरीची पुष्कळ पिंपं एकत्र करून ठरावीक चव जमवलेली असते. खरोखर एकाच पिंपातली असेल तर लेबलवर ‘सिंगल कास्क’ असं वेगळं लिहितात. आणि ‘१२’ हा आकडा त्या मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं वय सांगतो. आत वीस वर्षांचीही थोडी असू शकते, अकराची मात्र थेंबभरही चालत नाही. वयाचा आकडाच नसेल तर ती वाईटच असते असं नाही. फक्त मग किमतीला धरायला एक खुंटी कमी होते, म्हणून मी अशी बाटली आधी चाखल्याशिवाय घेत नाही.

वय, अल्कोहोलचे टक्के, पिंपाचा प्रकार, ‘नॉन चिल फिल्टर्ड’ आणि ‘नॅचरल कलर’ एवढ्या पाच गोष्टी लेबलवर शोधा. शेवटच्या दोन थोड्या समजावून सांगाव्या लागतील. कमी अल्कोहोलची व्हिस्की थंडीत किंवा बर्फात गढूळ दिसते, म्हणून ती आधीच थंड करून फिल्टर करतात. त्यात तेलकट अंश काही प्रमाणात निघून जातो. ४६ टक्क्यांपासून पुढे गढूळपणाची भीती फारशी उरत नाही, त्यामुळे अशा फिल्टर न केलेल्या व्हिस्क्या बहुधा ४६ किंवा त्याच्या वरच भेटतात. रंगाचं म्हणाल तर स्कॉचमध्ये साध्या कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर रंग घातल्याचं छापावं लागतं, इतर बऱ्याच ठिकाणी नाही. तेव्हा गडद तांबूस दिसली म्हणून जुनी किंवा दाट समजू नका. डोळा या कामात सगळ्यात बेभरवशाचा साक्षीदार.

पायरी २: चव कुठून येते ते एकदा समजून घ्या

ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नका. चवीचं मूळ माहीत असलं की किमतीचं मूळही आपोआप दिसायला लागतं.

आधी धूर. जवाला मोड आले की ते वाळवावं लागतं. वाळवताना खाली पीट जाळलं, तर त्याचा धूर दाण्यात बसतो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचत गेलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ आणि गवत. त्यातली फेनॉल नावाची द्रव्यं धुराचा, डांबराचा, कधी आयोडीनचा आणि दवाखान्याच्या बोळ्याचा वास आणतात. हे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असं सांगतात. धुराच्या व्हिस्क्यांत बोमोर पंचविसाच्या आसपास, लागावुलिन आणि कूल ईला पस्तिसाच्या, लाफ्रॉइग चाळिसाच्या पुढे, आर्डबेग पंचावन्नाच्या आसपास. पण हा आकडा जवाचा आहे, बाटलीचा नाही. गाळताना त्यातलं बरंचसं मागे राहतं. लागावुलिन आणि कूल ईला दोन्ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या, दोन्हींसाठी जव पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यात जवळपास तेवढ्याच पीटने वाळवलं जातं. तरी पेल्यात एक दाट आणि गोडसर लागते, दुसरी हलकी आणि लिंबासारखी. फरक पडतो तो भांड्यांच्या आकाराने, आणि गाळताना धार कुठे तोडली यावरून.

(आयला हे नाव लिहिताना इंग्रजीत भलतंच दिसतं, भलेभले चुकीचं वाचतात. मराठी माणसाला एकदा ऐकून पुरतं. तो विसरणं शक्य नाही.)

त्यानंतर भांडं. गाळताना पहिली धार झणझणीत आणि शेवटची जड, ओशट. मधला भाग तेवढा ठेवतात. भांड्याची मान उंच असेल तर जड वाफ वरपर्यंत पोचत नाही, परत खाली पडते, आणि मिळणारी दारू हलकी, फुलांच्या वासाची होते. ग्लेनमोरंजीची भांडी स्कॉटलंडमधली सगळ्यात उंच म्हणून ओळखली जातात. मॅकॅलनची याउलट बुटकी, दारू अंगाने भरलेली. त्याआधी आंबवण्याचा टप्पाही असतो. तो लांबला तर सफरचंद-नाशपातीसारखा फळांचा वास वाढतो. तेवढं पुरे.

खरा मोठा वाटा पिंपाचा. अमेरिकेत बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, असा तिथला कायदा आहे. म्हणजे एकदा वापरलेलं पिंप त्यांना बर्बनसाठी पुन्हा चालत नाही, आणि ते स्कॉटलंडला स्वस्तात मिळतं. साधारण २०० लिटरचं हे पिंप व्हॅनिला, मध, खोबरं यांच्याकडे झुकणारी चव देतं. दुसरं शेरीचं, म्हणजे स्पेनच्या एका कडक वाइनचं पिंप, बरंचसं ५०० लिटरच्या घरातलं. त्यातून मनुका, सुकं अंजीर, लवंग, संत्र्याची साल, अक्रोडाचा किंचित कडवटपणा. पूर्वी शेरी पिंपात भरून ब्रिटनला यायची आणि रिकामी पिंपं आयती मिळायची. आता शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरतात. त्यामुळे डिस्टिलऱ्यांना पिंपं मुद्दाम बनवून घ्यावी लागतात, त्यांत वर्ष-दोन वर्षं शेरी ठेवून ती तयार करवून घ्यावी लागतात. असं पिंप बर्बनच्या पिंपापेक्षा कित्येक पटींनी महाग पडतं. शेरीची चव जिभेला आवडली की खिशाला ती जाणवणारच, हे इथेच पक्कं समजून घ्या.

प्रदेशांचं काय? कायद्याने पाच प्रदेश आहेत: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्पबेलटाउन. स्काय, ऑर्कनी वगैरे बेटं हायलँडमध्ये धरतात. ‘स्पेसाइड म्हणजे फळं, आयला म्हणजे धूर’ हा पाढा सुरुवातीला बरा वाटतो, पण त्यावर पैसे लावू नका. आयलावरच्या बुनाहावनची नेहमीची व्हिस्की धुराशिवायची असते. कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक तर एकाच छपराखाली तीन तऱ्हा काढते: बेताच्या धुराची स्प्रिंगबँक, भरपूर धुराची लाँगरो आणि धुराविना तीनदा गाळलेली हेझलबर्न. नकाशा प्रवासासाठी ठीक आहे. खरेदीसाठी पिंप आणि धूर या दोनच गोष्टी विचारा.

पायरी ३: पेला, पाणी आणि घाई न करणं

मधे फुगीर आणि वर निमुळता पेला घ्या. ग्लेनकेर्न नावाचा पेला यासाठीच बनवलेला आहे. तो नसेल तर लहान वाइनचा ग्लास चालतो. रुंद तोंडाच्या जाड बुडाच्या ग्लासात वास उडून जातो. प्रत्येकी १५ मिली ओता, जास्त नाही. बर्फ आज नको. थंडीने वास मिटतो आणि आपण इथे वासासाठीच बसलोय.

नाक पेल्यात खुपसू नका. नुसतं अल्कोहोल झोंबेल आणि पुढची पंधरा मिनिटं नाक बधिर होईल. पेला हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळू वास घ्या. मग वर आणा. पहिला घोट फक्त जीभ ओली करण्यासाठी, त्यावर मत बनवायचं नाही. दुसरा घोट तोंडात सगळीकडे फिरवा, गिळा, आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते मनातल्या मनात मोजा. हे रेंगाळणं माझ्या लेखी फार महत्त्वाचं आहे. पहिल्या वासात फसवणं सोपं असतं, शेवटपर्यंत टिकणं अवघड.

आता पाण्याचे चार-पाच थेंब टाका आणि पुन्हा वास घ्या. ‘पाणी घातलं की बिघडते’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्यर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून पाहिली. धुराचा वास देणारं ग्वायाकॉल हे द्रव्य पातळ केलेल्या व्हिस्कीत पृष्ठभागाकडे येतं, तर कडक व्हिस्कीत अल्कोहोलच्या घोळक्यात अडकून राहतं, असं त्यांना दिसलं. नाकाला हे आधीपासून माहीत होतंच. बाटली ५५-६० टक्क्यांची असेल तर पाणी घालायलाच हवं.

वहीत काय लिहायचं? पाठ केलेले शब्द नकोत. ‘फुलांचा गुच्छ, समुद्राची झुळूक’ असं छापील पुस्तिकेतलं उतरवून काढलंत तर वही वाया गेली. तुम्हाला गोंदाच्या बाटलीचा वास आला तर गोंद लिहा, ओल्या पुठ्ठ्याचा आला तर पुठ्ठा. मी एका नामांकित बाटलीपुढे ‘जळलेली वायर, वर साखर’ लिहिलंय आणि अजूनही मत बदललेलं नाही. वास, तोंडातली चव, रेंगाळणं आणि ‘दुसरा पेग मागेन का?’ असे चार ओळींत चार मुद्दे पुरतात. शंभरपैकी गुण देण्याच्या भानगडीत पडू नका. ८६ आणि ८८ मधला फरक देणाऱ्यालाही ठाऊक नसतो.

एका बैठकीत चारपेक्षा जास्त नमुने घेऊ नका. चौथ्यानंतर तुम्ही व्हिस्कीची नाही, स्वतःच्या आनंदाची नोंद करत असता. ४० टक्क्यांच्या २५ मिलीमध्ये १० मिली शुद्ध अल्कोहोल असतं, त्याला ब्रिटनमध्ये एक युनिट म्हणतात. तिथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आठवड्याला १४ युनिटांपुढे न जाण्याचा आहे. १५ मिलीचे चार नमुने म्हणजे साधारण अडीच युनिटं. त्यानंतर गाडीला हात नाही.

पायरी ४: एकेक नको, जोड्या लावा

एकटी व्हिस्की चाखून काहीच कळत नाही. ‘छान आहे’ यापलीकडे जीभ जात नाही. दोन पेले शेजारी ठेवले की तीच जीभ बोलायला लागते. मात्र जोडी अशी निवडा की दोघींत शक्यतो एकच गोष्ट वेगळी असेल.

पिंप कळण्यासाठी मी सगळ्यांना ग्लेनमोरंजीची जोडी सुचवतो. एक साधी ‘ओरिजिनल’, बर्बनच्या पिंपातली. दुसरी ‘लसांटा’, जी आधी बर्बनच्या पिंपात राहून शेवटचा काळ शेरीच्या पिंपात काढते. दारू तीच, भांडी तीच, फक्त शेवटचं घर बदललं. पहिलीत संत्रं आणि व्हॅनिला, दुसरीत मनुका आणि दालचिनी. हा फरक पहिल्याच संध्याकाळी कळतो आणि नवख्याचा धीर वाढतो.

धुरासाठी बुनाहावन १२ आणि कूल ईला १२. दोन्ही आयलाच्या ईशान्य किनाऱ्यावर, एकमेकींपासून जवळच. वय सारखं, बेट एक. एकीत धूर नाही, दुसरीत आहे. जोडी अगदी शुद्ध नाही, कारण बुनाहावनमध्ये शेरीच्या पिंपाचा हात आहे आणि तिचं अल्कोहोलही थोडं चढं आहे. पण ‘आयला म्हणजे धूर’ हे डोक्यातून काढायला याहून चांगला उपाय नाही. धूर आवडला तर लाफ्रॉइग १० कडे जा. ती पहिल्या घोटाला कुणालाच आवडत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मला आवडली होती. पण आमच्यातल्या दोघांनी तिला दवाखान्यात पाठवलं आणि परत आणलं नाही.

वयासाठी एकाच डिस्टिलरीच्या १२ आणि १८. ग्लेनफिडिक किंवा ग्लेनलिव्हेट घ्या, दोन्ही सहज मिळतात. बाटल्या विकत घेऊ नका. बारमध्ये २५ मिलीचा एकेक पेग मागवा किंवा ५० मिलीच्या छोट्या बाटल्या शोधा. ही जोडी महत्त्वाची आहे, कारण पुढच्या पायरीत पैशांचं सगळं गणित तिच्याभोवतीच फिरतं.

आणि नावाची किंमत पाहायची असेल तर ग्लेनफार्क्लस १२ आणि मॅकॅलन १२ शेरी ओक. दोन्ही स्पेसाइडच्या, दोन्ही शेरीच्या पिंपातल्या, वय तेच. ब्रिटनमध्ये मॅकॅलनला साधारण दुप्पट पैसे पडतात. मॅकॅलन चांगली आहे का? आहे. दुप्पट चांगली आहे का, हे पान न उलटता ठरवा.

नमुन्यांचा क्रम नेहमी हलक्याकडून जडाकडे, धूर सगळ्यात शेवटी. आधी आर्डबेग घेतलीत तर पुढच्या तीन पेल्यांत आर्डबेगच लागेल.

पायरी ५: आता पान उलटा

किमतीचे तुकडे करून पाहिले की तिचा दरारा जातो.

पहिला तुकडा सरकारचा. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये लागू झालेला दर धरला तर शुद्ध अल्कोहोलच्या प्रत्येक लिटरमागे ३२.७९ पौंड अबकारी कर. ७०० मिलीच्या ४० टक्क्यांच्या बाटलीत २८० मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे कर झाला ९.१८ पौंड. वर एकूण रकमेवर २० टक्के व्हॅट. ३६ पौंडांच्या बाटलीत व्हॅट ६ पौंड, अबकारी ९.१८, मिळून पंधरा पौंड गेले. डिस्टिलरी, पिंप, बाटली, वाहतूक, दुकानदार या सगळ्यांना उरले एकवीस. आता तीच आकडेमोड १८० पौंडांच्या बाटलीवर करा. व्हॅट ३०, अबकारी तोच ९.१८, उरले १४१ च्या आसपास. अबकारी कर किमतीवर नाही, अल्कोहोलवर आहे. त्यामुळे स्वस्त बाटलीतला मोठा हिस्सा कर असतो आणि महाग बाटलीतला मोठा हिस्सा काहीतरी वेगळं. ते वेगळं काय, हेच शोधायचं.

लोक सांगतात, वय. पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के दारू हवेत उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. हिशेब करा. १०० लिटर भरले तर १२ वर्षांनी ७८ उरतात, १८ वर्षांनी ७०, आणि २५ वर्षांनी ६० च्या आसपास. म्हणजे बारापासून अठरापर्यंत जाताना उरलेल्यातला नववा-दहावा हिस्सा काय तो उडाला. आणि किंमत? दुप्पट, कधी त्याहून जास्त. देवदूतांना एवढा दोष देता येणार नाही. बाकीचा भाग अडकून पडलेल्या पैशाचा, गोदामाच्या जागेचा, आणि अठरा वर्षांपूर्वी कुणी किती पिंपं भरून ठेवली होती याचा. तेव्हा पिंपं कमी भरली असतील, तर आज ती वाढवता येत नाहीत. टंचाईची किंमत चवीच्या नावावर खपते ती इथे.

जास्त वय म्हणजे जास्त चांगलं असंही नसतं. लाकूड एका मर्यादेनंतर दारूवर स्वार होतं आणि तोंड कोरडं, तुरट पडतं. धुराचं तर उलटच आहे. वर्षं गेली तसा तो निवळत जातो. कडक धूर आवडणाऱ्याने दहा वर्षांची घ्यावी आणि उरलेले पैसे खिशात ठेवावेत.

आता तुलनेची दोन साधी मापं. एक, पेगचा भाव. ७०० मिलीत २५ मिलीचे २८ पेग निघतात. ४२ पौंडांची बाटली म्हणजे दीड पौंडाला पेग, ८४ ची म्हणजे तीन पौंडाला. हा आकडा डोळ्यासमोर असला की ‘खास प्रसंगासाठी’ घेतलेली बाटली फारशी भीतिदायक वाटत नाही, आणि रोजची म्हणून घेतलेली तेवढी स्वस्तही वाटत नाही. दोन, अल्कोहोलचा भाव. ४० टक्क्यांची बाटली ४० पौंडांना आणि ४६ टक्क्यांची ४६ ला, यांत महाग कुठली? कुठलीच नाही. पहिलीत २८ युनिटं, दुसरीत ३२.२, दर युनिटाला दोन्हींत १.४३ पौंड. दुसरी बहुधा थंड करून फिल्टर केलेलीही नसते. मी तीच घेईन. ५८ टक्क्यांची, म्हणजे पिंपातून काढली तशी भरलेली बाटली असेल, तर तिच्यात पाणी घालून ४० टक्क्यांपर्यंत आणल्यावर एक लिटरहून थोडी जास्तच व्हिस्की होते. महाग दिसणारी ती बाटली अनेकदा फळीवरचा सगळ्यात चांगला सौदा असते. फक्त पाणी घालण्याची लाज वाटता कामा नये.

ढोबळ पट्टे सांगायचे तर ब्रिटनमध्ये १० ते १२ वर्षांच्या नेहमीच्या सिंगल माल्ट ३५ ते ५५ पौंडांत मिळतात, आणि चवीतली सगळी विविधता या पट्ट्यातच भेटते: फळं, मध, शेरी, मीठ, धूर, सगळं. ५५ ते १०० मध्ये चव जास्त दाट, गोलाई जास्त, रेंगाळणं लांब. लागावुलिन १६ या पट्ट्यातली, आणि तिला दिलेल्या पैशांची मला कधी खंत वाटलेली नाही. शंभराच्या पुढे पैसे दुर्मिळपणाला, पेटीला आणि नावाला जायला लागतात. याचं टोक पाहायचं तर नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात १९२६ सालच्या मॅकॅलनची एक बाटली २१ लाख पौंडांच्या वर गेली. ती कुणी पिणार नाही, तिची चव हा तिच्या किमतीतला मुद्दाच नाही. खालचं टोकही आहे. स्कॉटलंडमध्ये सप्टेंबर २०२४ अखेरपासून एका युनिटाला किमान ६५ पेन्स ही सक्ती आहे, म्हणजे ४० टक्क्यांची पूर्ण बाटली १८.२० पौंडांच्या खाली विकताच येत नाही.

पायरी ६: स्वतःला पकडा

दोन बाटल्यांतली महाग आवडली असं वाटलं की ही चाचणी करा. दुसऱ्या कुणाला तीन पेले भरायला सांगा: दोन एका बाटलीतले, एक दुसऱ्या बाटलीतला. कुठले ते तुम्हाला सांगायचं नाही. वेगळा पेला तुम्ही ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून एकदाच करून टाळ्या घेऊ नका. तीन वेळा लागोपाठ बरोबर आलं तर मात्र ते नशिबाचं काम क्वचितच, सत्तावीसात एकदा.

फरक ओळखता येत नसेल तर जास्तीचे पैसे कशासाठी देता, हा प्रश्न स्वतःला विचारायचा. उत्तर ‘बाटली देखणी आहे’ किंवा ‘पाहुण्यांसाठी’ असू शकतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते चवीच्या पानावर लिहू नका. आणि ओळखता आला तरी पुढचा प्रश्न राहतोच: वेगळी आहे, पण जास्त आवडते का? माझ्या बाबतीत वर्षभराने अठरा आणि बारा ओळखू यायला लागल्या. बाराच जास्त आवडते असं कळलं.

पायरी ७: पहिली बाटली, आणि नंतरची

आता घ्या. वहीत ज्या जोडीपुढे ‘दुसरा पेग मागेन’ लिहिलंय त्यातली, ३५ ते ५५ च्या पट्ट्यातली एक. दुसरी बाटली पहिलीच्या विरुद्ध टोकाची घ्या: पहिली शेरीची तर दुसरी धुराची. तिसरीची घाई नको. पहिल्या दोन अर्ध्यावर आल्या की तिसरी कुठली हवी ते वहीच सांगते. तीन-चार मित्रांनी मिळून एक महाग बाटली घेऊन १०० मिलीच्या स्वच्छ बाटल्यांत वाटून घेणं हा शंभर पौंडांपुढचा सगळ्यात शहाणा मार्ग आहे.

बाटली उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर कडक अल्कोहोल बुचाला खातं. उन्हापासून दूर, एवढं जपलं की पुरे. बाटलीत व्हिस्की मुरत नाही. बारा वर्षांची बाटली कपाटात दहा वर्षं ठेवलीत तरी ती बाराचीच राहते. मात्र अर्ध्याच्या खाली गेली की आतली हवा तिला हळूहळू बदलते, कधी चांगली करते, बहुधा चपटी. पाव उरली की लहान बाटलीत ओतून घ्या किंवा संपवा.

आणि एखादी अजिबात आवडली नाही, तर ओतून देऊ नका. बूच लावून दोन महिने बाजूला ठेवा आणि जुनं पान न वाचता नव्या पानावर पुन्हा नोंद करा. माझ्या ‘जळलेली वायर’वाल्या बाटलीची अशी तीन पानं झाली. तिसऱ्यावर लिहिलंय: ‘वायर आहेच. सोड्याबरोबर बरी.’